आज्ञाभंगाची दुसरी खेप

कोकणात शिलाहार राजांच्या काळातील ज्या दानशिळा आजही शेताच्या बांधावर किंवा देवळाच्या आवारात उभ्या दिसतात, त्यांतील कित्येकींच्या माथ्यावर चंद्र-सूर्य आणि तळाशी एक गाढव व एक स्त्री यांचे ओंगळ शिल्प कोरलेले असते. या शिळांना लोक गधेगाळ म्हणतात. राजाने दिलेले दान जो मोडील त्याच्या मातेची अशी विटंबना होईल, असा त्या शिल्पाचा अर्थ. आज्ञा राजाची, मोडणारा पुरुष, आणि शिवी मात्र जिचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही अशा स्त्रीला! आज्ञाभंगाच्या शिक्षेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने या शिळेपासून आरंभ करावा असे मला वाटते. कारण आज्ञा मोडली असता अपराध नक्की कोणाचा घडतो, या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके स्त्रीला वगळूनच दिले गेले, आणि मारहाण करणाऱ्या पुरुषाने तिच्यापासून दूर राहावे असा लेखी हुकूम व तो पुनःपुन्हा मोडणाऱ्यास चढती शिक्षा, या दोन्ही गोष्टी कायद्यात इतक्या उशिरा का अवतरल्या याचे बरेचसे कारण त्या उत्तरातच आहे.

चढत्या शिक्षेची कल्पना आपल्याकडे अपरिचित होती असे मात्र नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने प्रथम वाग्दंड, मग धिग्दंड, तिसऱ्याने धनदंड आणि त्याउपर वधदंड द्यावा असा क्रमच घालून दिला आहे. नवव्या अध्यायात तर पदराची गाठ सोडून पैसे लांबवणाऱ्या भामट्याची पहिल्या खेपेस बोटे, दुसऱ्या खेपेस हात-पाय आणि तिसऱ्या खेपेस प्राण, इतका काटेकोर हिशोब मांडलेला आहे. पण त्याच आठव्या अध्यायात पत्नी, पुत्र, दास, शिष्य आणि सख्खा धाकटा भाऊ यांनी अपराध केल्यास त्यांना दोरीने किंवा वेळूच्या कांबीने पाठीवर मारावे, मस्तकावर मारू नये, अशी मुभाही आहे. ही मर्यादा सोडून मारणाऱ्याला चोराचा दोष लागतो असे तेथे म्हटले आहे, म्हणजे मर्यादा घातली तीही चोरीच्या मापाने. आणि ती कितव्यांदा ओलांडली गेली याची मोजदाद कोणी ठेवावी हे सांगण्याची स्मृतिकारांना गरज वाटली नाही. गाठचोराची खेप मोजणारा धर्मशास्त्रकार घरातल्या माराची खेप मोजीत नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवून पुढे जावे, कारण तिचे प्रतिबिंब आपणांस पुढे मेकॉलेच्या दंडसंहितेतही दिसणार आहे.

मराठेशाहीच्या न्यायव्यवहारात भर होता तो कागदावर आणि जामिनावर. गोतापुढे किंवा पंचांपुढे वाद उभा राहिला की वादी-प्रतिवादींकडून राजीनामा घ्यावयाचा, हजर राहण्याबद्दल हजीर-जामीन आणि निवाड्याप्रमाणे वागण्याबद्दल वर्तणुकीचा जामीन घ्यावयाचा, आणि हरलेल्याकडून हार मान्य केल्याचे येजितखत लिहवून घ्यावयाचे, अशी रीत होती. यापुढे कटकट केल्यास आपण दिवाणचे गुन्हेगार, ही कबुली लिहून देणाऱ्याच्या मानेवर कायमची बसे. जामीन राहणारा मनुष्य गावातलाच, भाऊबंदांतला किंवा शेजारपाजारचा असल्यामुळे लिहून देणाऱ्यावर सरकारच्या नजरेआधी जामीनदाराची नजर असे, आणि मला या पद्धतीचे खरे बळ तेथेच दिसते. दूर पुण्यात बसलेल्या कारभाऱ्याला जे कळावयास महिना लागला असता ते जामीनदाराला त्याच संध्याकाळी कळे. मात्र हे वाद बहुतेक वतनाचे, शिवेचे, मानपानाचे. वचन मोडल्याची जी गुन्हेगारी, म्हणजे दंड, वसूल व्हावयाची ती सरकारजमा होई, ज्याला उपद्रव झाला त्याच्या पदरात ती पडत नसे.

हीच रचना, जवळजवळ याच सांगाड्यासह, इंग्लंडात फार पूर्वीपासून चालत आली होती. तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत १३६१ साली झालेल्या कायद्याने परगण्यापरगण्यांत शांतता राखणारे न्यायाधीश नेमले गेले आणि ज्यांची चालचर्या बरी नाही अशांकडून चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याचा अधिकार त्यांना मिळाला. ज्याला दुसऱ्यापासून देहाचे भय आहे त्याने शपथेवर तसे सांगावे, मग न्यायाधीशाने त्या दुसऱ्याकडून ठराविक रकमेचा मुचलका व जामीन घ्यावेत, आणि शांतता मोडल्यास ती रक्कम राजाकडे जप्त व्हावी. या मुचलक्याचा नमुना पाहण्यासारखा आहे. लिहून देणारा म्हणतो की मी शांततेने वागेन: आधी महाराजांशी, नंतर महाराजांच्या यच्चयावत प्रजेशी, आणि विशेषेकरून अमुक व्यक्तीशी. जिने रात्रभर मार खाऊन सकाळी न्यायाधीशाचे दार ठोठावले तिचे नाव त्या पंक्तीत सर्वांत शेवटी! तरीही हा कागद म्हणजे त्या काळच्या इंग्लिश स्त्रीला उपलब्ध असलेले जवळजवळ एकमेव शस्त्र होते. कायदेपंडित ब्लॅकस्टोनने अठराव्या शतकात आपला प्रसिद्ध टीकाग्रंथ लिहिला तेव्हा नवऱ्याने बायकोला माफक शासन करण्याचा जुना अधिकार दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून संशयास्पद ठरू लागला असून आता पत्नीला पतीविरुद्ध शांततेची हमी मागता येते, अशी नोंद त्याने केली; आणि शिक्षेपेक्षा प्रतिबंध श्रेष्ठ म्हणून या मुचलक्याच्या पद्धतीची वाखाणणीही केली.

वाखाणणी करणे सोपे. स्ट्रॅथमोरची काउंटेस मेरी एलिनॉर बोज हिचे प्रकरण पाहिले म्हणजे या कागदाची शक्ती आणि दुबळेपणा दोन्ही एकदम दृष्टीस पडतात. ही इंग्लंडातील गडगंज वारसदारीण. १७७७ मध्ये अँड्र्यू रॉबिन्सन स्टोनी नावाच्या आयरिश साहसवीराने कपटाने तिच्याशी लग्न लावले, तिचे आडनाव आणि तिची संपत्ती दोन्ही अंगावर घेतली, आणि आठ वर्षे तिचा अनन्वित छळ केला. १७८५ च्या फेब्रुवारीत ती पळाली, घटस्फोटाचा दावा लावला आणि राजन्यायपीठापुढे भयाचे शपथपत्र करून पतीकडून शांततेची हमी मागितली. हमी घेतली गेली, मोठमोठ्या रकमा लिहिल्या गेल्या. आणि १७८६ च्या नोव्हेंबरात भर लंडनच्या रस्त्यातून या गृहस्थाने तिला भाडोत्री माणसांकरवी उचलून उत्तरेकडे नेले व ऐन हिवाळ्यात आठवडाभर डोंगरदऱ्यांतून फिरवले. दावा मागे घे, एवढीच त्याची मागणी होती. अखेरीस तो पकडला गेला आणि १७८७ मध्ये त्याला तीन वर्षे कारावास, तीनशे पौंड दंड आणि सुटकेनंतर चौदा वर्षांसाठी दहा हजार पौंडांचा मुचलका व त्याशिवाय जामीन, अशी शिक्षा झाली. १८१० साली मृत्यू येईपर्यंत तो बंदीगृहाच्या हद्दीबाहेर राहावयास गेलाच नाही. थॅकरेने आपल्या ‘बॅरी लिंडन’ या कादंबरीचा नायक घडवला तो याच माणसावरून.

येथे दुसऱ्या खेपेस न्यायालय कडाडले हे खरे. परंतु मोडलेल्या हमीला उत्तर म्हणून न्यायपीठाने काय काढले? आणखी एक हमी, आणि मोठ्या रकमेची. शिवाय फिर्यादी सामान्य स्त्री असती, तिच्यामागे वकील आणि इस्टेट नसती, तर उत्तरेच्या डोंगरात शिपाई कोणी धाडले असते? लंडनच्या मोलकरणी आणि कारागिरांच्या बायकाही याच वाटेने न्यायाधीशांकडे येत. त्यांच्या नवऱ्यांचे मुचलके काही पौंडांचे असत, वर्षाची मुदत भरली की कागद संपे, आणि रक्कम जप्त झालीच तर ती त्याच घरातून राजाच्या खजिन्यात जाई. ज्या घरात आधीच पीठमीठ नाही त्या घराला दंड बसवून त्या घरातल्या स्त्रीचे रक्षण करावयाचे, हा विचित्र न्याय पुढे दीडशे वर्षे कोणाला फारसा खटकला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात काही हालचाल झाली. १८५३ च्या कायद्याने स्त्रिया व मुले यांच्यावर गंभीर हल्ला करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा वीस पौंडांपर्यंत दंड सांगितला. १८५७ च्या विवाहविषयक कायद्यात तर ‘संरक्षण आदेश’ हा शब्दच प्रथम भेटतो, पण वाचकाने हुरळून जाऊ नये, कारण तो आदेश देहाच्या संरक्षणाचा नव्हता. नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीने त्यानंतर स्वकष्टाने मिळवलेली चीजवस्तू नवऱ्याच्या व त्याच्या सावकारांच्या हातून वाचावी, एवढ्यापुरता तो होता. आदेशाची सूचना मिळाल्यावरही कोणी तिची वस्तू बळकावली तर त्याने ती परत करून शिवाय तिच्या दुप्पट किंमत तिला द्यावी, अशी तरतूद त्यात होती. आणि १८६९ च्या भारतीय घटस्फोट अधिनियमातून, ख्रिस्ती विवाहांपुरती का होईना, ती जशीच्या तशी हिंदुस्थानात आली. या लहानशा कलमाकडे कोणी इतिहासकार फारसे लक्ष देत नाही. मला मात्र ते महत्त्वाचे वाटते, कारण आज्ञाभंगाचा दंड राजाच्या खजिन्यात न जाता जिचे नुकसान झाले तिच्या हातात पडावा, ही गोष्ट येथे कायद्याने मान्य केली. शिवणाचे यंत्र नवऱ्याने उचलून नेले तर दुप्पट भरपाई. हात पिरगाळला तर जुना मुचलका आहेच.

तो जुना मुचलका हिंदुस्थानात १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कायम ठाण मांडून बसला. १८७२, १८८२, १८९८ आणि स्वातंत्र्यानंतर १९७३, अशा एकामागून एक संहिता झाल्या, तरी शांतता राखण्याबद्दलच्या जामिनाचे प्रकरण प्रत्येकीत राहिले; त्यांपैकी शेवटच्या तिन्हींत ते आठवे असल्यामुळे महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत आणि गल्लीबोळांत ‘चॅप्टर केस’ हा शब्द रुळला, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते प्रकरण नववे झाले तरी शब्द आहे तसाच आहे. या कारवाईची पद्धत अशी की ठाण्याचा अंमलदार तालुक्याला तहसीलदाराकडे आणि आयुक्तालयाच्या शहरात सहायक आयुक्ताकडे अहवाल पाठवतो. तो कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने अमुक मुदतीसाठी, अमुक रकमेचा, इतक्या जामीनदारांसह मुचलका तुमच्याकडून का घेऊ नये, याचे कारण दाखवण्यास त्या इसमास फर्मावतो. इसम कारण दाखवीत नाही, सही करतो आणि घरी जातो. संहितेच्या परिशिष्टात या मुचलक्याचा नमुना छापलेला आहे. इंग्लिश नमुन्यात ‘विशेषेकरून’ म्हणून शेवटी तरी तक्रारदाराचे नाव असे. हिंदुस्थानी नमुन्यात तेही नाही. मी शांतताभंग करणार नाही, शांतताभंगाचा संभव होईल असे कृत्य करणार नाही, केल्यास अमुक रुपये पूर्वी हिंदुस्थानच्या महाराणी-सम्राज्ञीस आणि आता सरकारास देईन, एवढाच मजकूर. मुचलका मोडल्यावर पुन्हा कारणे दाखवा नोटीस, मग रक्कम वसूल करावयाची किंवा त्यातली काही सोडावयाची हा अधिकाऱ्याचा विवेक. मुदतीत मुचलका मोडला तर उरलेल्या काळापुरते आत ठेवण्याचीही तरतूद आहे. पण ‘घरगुती भांडण’ म्हणून अदखलपात्राच्या वहीत एन.सी. नोंदवून घेणाऱ्या ठाण्याला चार भिंतींतल्या माराने सार्वजनिक शांतता भंगते असे वाटावे कसे?

खेपा मोजण्याची अक्कल आपल्या कायदेकर्त्यांना नव्हती असे कोणी म्हणू नये. मेकॉलेच्या आयोगाने आखलेल्या आणि १८६० साली मंजूर झालेल्या भारतीय दंडसंहितेच्या ७५ व्या कलमात पाहा. नाणी व सरकारी शिक्के यांविषयीच्या किंवा मालमत्तेविषयीच्या, तीन वर्षे अथवा अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्याबद्दल एकदा शिक्षा झालेल्याने तसाच गुन्हा पुन्हा केला तर त्याला जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत कैद देता येईल, असे ते कलम सांगते. दुसऱ्यांदा खोटे नाणे पाडणारा, दुसऱ्यांदा घर फोडणारा, यांची गणती पहिल्या दिवसापासून झाली; दुसऱ्यांदा बायकोचे दात पाडणारा त्या यादीत नव्हता, आणि २०२३ च्या न्याय संहितेत त्या कलमाचा क्रमांक १३ झाला तरी त्या यादीत तो आजही नाही. मनूचा गाठचोर आणि मेकॉलेचा घरफोड्या यांच्यामध्ये दोन हजार वर्षांचे अंतर असेल, विचार मात्र एकच आहे.

आज्ञाभंगाबद्दल कैद भोगण्याची पाळी या मुलखातल्या एका सुशिक्षित स्त्रीवर आली होती, तिची कथा येथे टाळून चालणार नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईने सज्ञान झाल्यावर दादाजी भिकाजीच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये दादाजीने मुंबईच्या उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, दुसऱ्या वर्षी अपिलात तो निर्णय फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईने तुरुंग पत्करीन असे सांगितले, त्यावर हिंदुस्थानात आणि इंग्लंडात एकच गदारोळ उठला. टिळकांसारखा पुढारी परंपरेच्या बाजूने उभा राहिला. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने तडजोड केली आणि रखमाबाई वैद्यकाच्या शिक्षणासाठी विलायतेस गेली. या खटल्याचा सामाजिक अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. मी येथे फक्त त्यातले एक कायदेशीर सत्य पुढे ठेवतो. १८८७ साली मुंबईत पत्नीने पतीपासून दूर राहणे हा आज्ञाभंग होता आणि त्याला सहा महिन्यांची कैद तयार होती. पतीने पत्नीपासून दूर राहावे, असा हुकूम मागण्यासाठी मात्र तिला कोणत्याही कायद्यात जागा नव्हती. गमतीची गोष्ट अशी की जेथून हा दावा आपल्याकडे आला त्या इंग्लंडाने अशा हुकुमापोटी कैद करणे १८८४ सालीच, म्हणजे दादाजीने दावा लावला त्याच वर्षी, बंद केले होते. आपल्याकडे ते बंद व्हावयास १९२३ उजाडले.

‘या हद्दीत पाऊल टाकू नकोस’ असा हुकूम मुंबई इलाख्याला नवखा नव्हता. तडीपारीचा अधिकार पोलिसांना जुनाच. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या ५५ ते ५७ या कलमांनी टोळ्या, गुंड आणि पूर्वी शिक्षा झालेले इसम यांना दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येते, आणि परवानगीवाचून परत येणाऱ्यास १४२ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु तडीपारी व्हावयाची ती मोहल्ल्याला उपद्रव देणाऱ्याची. घराला उपद्रव देणाऱ्यासाठी दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम होता, तो मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होती, आणि ती मिळेपर्यंत तारखांवर तारखा होत्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले ते प्रथम इंग्लंड-अमेरिकेत. लंडनच्या चिझिक भागात १९७१ मध्ये एरिन पिझी यांनी मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी आसरा उघडला. १९७६ मध्ये इंग्लंडात घरगुती हिंसाचाराविषयी आणि अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अत्याचारापासून संरक्षणाविषयी कायदे झाले, आणि पुढील काही वर्षांत बहुतेक अमेरिकी राज्यांनी तोच कित्ता गिरवला. हुकूम आता राजाच्या शांततेच्या नावाने नव्हे, तर त्या स्त्रीच्या नावाने निघू लागला: तिच्यापासून इतक्या अंतरावर राहा, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नको, तिला दूरध्वनी करू नको. हुकूम निघाले खरे, पाळले कोणी? कनेक्टिकट राज्यातील टॉरिंग्टन या गावच्या थर्मन खटल्याने त्याचे उत्तर साऱ्या देशाला ऐकवले. तेथील नवऱ्याला शांतताभंगाबद्दल सौम्य, स्थगित शिक्षा देऊन पत्नीपासून पूर्ण दूर राहण्याची अट न्यायालयाने घातली होती. त्याने ती मोडली, पुन्हा मोडली, पत्नी महिनोन्महिने ठाण्यात जाऊन सांगत राहिली, आणि ठाणे तिला आज सुट्टी आहे, उद्या या, साहेब नाहीत, असे सांगत राहिले. १९८३ च्या जूनमध्ये त्याने तिला सुऱ्याने भोसकले, आणि आलेल्या पोलिसासमोर तिच्या मस्तकावर लाथा मारल्या. अनोळखी माणसाने केले असते तर जे पोलिसांनी रोखले असते ते नवऱ्याने केले म्हणून न रोखणे हा समान संरक्षणाचा भंग आहे, असे १९८४ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने मानले. पुढील वर्षी ज्यूरीने तिला तेवीस लाख डॉलर भरपाई दिली, आणि १९८६ मध्ये त्या राज्याने पोलिसांवर अटकेची सक्ती करणारा कायदा केला.

चढती शिक्षा आली ती याच वातावरणात. मिनेसोटा राज्याचा कायदा नमुन्यादाखल घ्यावा: संरक्षण आदेशाचा पहिला भंग हा साधा गुन्हा, दहा वर्षांच्या आत अशा प्रकारच्या गुन्ह्याबद्दल एक शिक्षा झालेली असेल तर नवा भंग वरच्या दर्जाचा, दोन झालेल्या असतील तर तो घोर गुन्हा, आणि त्यास पाच वर्षांपर्यंत कैद. वॉशिंग्टन राज्यातही दोन पूर्वशिक्षा झालेल्याचा तिसरा भंग घोर गुन्हाच ठरतो. १९९४ च्या संघीय कायद्याने एका राज्याचा आदेश दुसऱ्या राज्यांतही मानला जावा असे ठरवले आणि सीमा ओलांडून आदेश मोडणे हा स्वतंत्र गुन्हा केला. इंग्लंडने वेगळी वाट धरली. तेथे पायऱ्या न बांधता २००४ च्या कायद्याने, १ जुलै २००७ पासून, छळमनाईचा आदेश मोडणे हाच फौजदारी गुन्हा केला आणि पाच वर्षांपर्यंत कैद पहिल्या भंगापासूनच न्यायाधीशाच्या हाती दिली. तोपर्यंत तो केवळ न्यायालयाचा अवमान होता, म्हणजे अपमान न्यायासनाचा. मार खाणारी पुन्हा पंक्तीत शेवटीच. आणि पायऱ्या बांधल्या म्हणजे चढणारा सापडतोच असेही नाही. कोलोरॅडो राज्यातील कॅसल रॉक येथे १९९९ मध्ये आदेश मोडून तीन मुलींना घेऊन गेलेल्या बापाविरुद्ध आईने रात्रभर पोलिसांच्या विनवण्या केल्या, त्या तिन्ही मुली मारल्या गेल्या, आणि तिचा दावा फेटाळताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जूनमध्ये बहुमताने सांगितले की आदेशाची अंमलबजावणी करवून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नाही.

त्याच २००५ सालच्या सप्टेंबरात आपला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम झाला, आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. त्याआधी दोन दशके मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेचा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ पासून काम करीत होता; स्त्रीला शिक्षेआधी हवा असतो तो राहत्या घरात निर्भयपणा, हे अशा कक्षांत रोज दिसत होते आणि नवऱ्याच्या व सासरच्यांच्या क्रौर्याला शिक्षा सांगणारे दंडसंहितेतील १९८३ चे ४९८-अ हे कलम ती गरज भागवू शकत नव्हते. नव्या कायद्याच्या १८ व्या कलमाखाली संरक्षण आदेश, १९ व्या कलमाखाली निवास आदेश. आणि त्या १९ व्या कलमाच्या पोटात, इतिहासाची आवड असलेल्याला हर्ष व्हावा अशी एक पोटकलमांची जोडी आहे. कौटुंबिक हिंसाचार होऊ नये म्हणून दंडाधिकाऱ्याने प्रतिवादीकडून जामिनासह किंवा जामिनावाचून बंधपत्र घ्यावे, आणि तो आदेश फौजदारी संहितेच्या आठव्या प्रकरणाखालचा समजावा! एडवर्डचा मुचलका सहाशे चव्वेचाळीस वर्षांनी त्या स्त्रीच्या नावाने काढलेल्या कायद्यात येऊन बसला. आदेश मोडण्याची शिक्षा ३१ व्या कलमात: एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. आणि पीडितेच्या एकटीच्या साक्षीवर न्यायालय गुन्हा शाबीत मानू शकते, ही ३२ व्या कलमाची तरतूद तर आपल्या पुराव्याच्या परंपरेत धाडसाचीच म्हणावी लागेल.

परंतु पायरी नाही. पहिला भंग, चौथा भंग, अकरावा भंग, सगळ्यांना कमाल एकच वर्ष आणि वीस हजारच. योगायोग असा की पीडितेच्या मदतीसाठी याच कायद्याखाली नेमलेल्या, पण कर्तव्यात कसूर करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यासही ३३ व्या कलमाने नेमकी हीच शिक्षा सांगितली आहे, फक्त त्याच्यावर खटला भरण्यास राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते. आपल्या कायदेमंडळाला पायरी बांधता येत नाही असे नाही. २०१३ मध्ये पाठलाग करण्याचा गुन्हा दंडसंहितेत आला तेव्हा पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत व जामीनपात्र, दुसरीस पाच वर्षांपर्यंत व अजामीनपात्र, अशी पायरी तेथे स्पष्ट ठेवली गेली. परक्या माणसाने केलेला पाठलाग दुसऱ्यांदा मोजला जातो आणि आदेश मोडून दारावर लाथा मारणारा नवरा मोजला जात नाही, हे असंगत आहे. म्हणून वारंवार आज्ञाभंग करणाऱ्यास कडक शिक्षा असावी या मागणीच्या बाजूने मी निःसंदिग्धपणे उभा आहे. वर्ष दोन वर्षे वाढवल्याने सगळे नवरे सुधारतील अशा भाबड्या आशेने नव्हे, तर मोजणे हाच या बाबतीत न्यायाचा आरंभ आहे म्हणून.

मात्र मोजावयाचे काय, याचा विचार पायरी बांधणाऱ्यांनी आधी करावा. मिनेसोटाचा काय किंवा आपल्या पाठलागाच्या कलमाचा काय, हिशोब चालतो तो दोषसिद्धीचा. तिच्या लेखी बारावी खेप असते. दप्तराच्या लेखी ती पहिलीच, कारण आधीच्या अकरांपैकी काहींची एन.सी. झाली, काहींत ठाण्यात बोलावून समज दिली गेली, दोनांत सासरच्या वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली आणि एकात आरोपपत्र गेले ते अद्याप तारखेवर आहे. मूळ अर्ज पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे १२ वे कलम सांगते; भंगाच्या खटल्याला तशी मुदत नाही. अनेक राज्यांत संरक्षण अधिकाऱ्याचे काम मूळच्या खात्यातील अधिकाऱ्याकडे जादा काम म्हणून सोपवले गेले, त्याच्याकडे वाहन नाही, कारकून नाही. जुन्या वर्तणुकीच्या जामिनात शेजारचा जामीनदार जी नजर ठेवी ती ठेवणारे कोणी या नव्या रचनेत उरले नाही. आणि नजर ठेवणारा नसेल तर दुसऱ्या खेपेची दुप्पट शिक्षा राजपत्रात छापलेली राहील.

तरतुदी अगदीच नाहीत असेही नाही. २४ व्या कलमाप्रमाणे आदेशाची प्रत पक्षकारांबरोबर त्या हद्दीतील ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडेही विनामूल्य जावी लागते. २००६ च्या नियमांतील १५ व्या नियमाने पीडितेला भंगाची लेखी तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे देता येते आणि त्याने ती आदेशाच्या प्रतीसह दंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाची असते. आणि ३१ व्या कलमाप्रमाणे शक्यतो ज्याने आदेश दिला त्याच दंडाधिकाऱ्याने भंगाचा खटला चालवावयाचा असतो, म्हणजे तिला आपली कहाणी नव्या माणसासमोर पहिल्यापासून सांगावी लागू नये. ठाण्यात आलेली ती प्रत आवक-जावक नोंदून फायलीला लागते. प्रत्येक तक्रारीची तारीख, वेळ आणि काय केले याची एक ओळ तिच्याच पाठीमागे ठाणे अंमलदाराने टाकीत जावी, आणि पुढचा भंग न्यायालयात जाईल तेव्हा तो कागद सोबत जावा, यासाठी संसदेत नवे विधेयक आणावे लागत नाही.